न मागितलेली क्षमा

मार्था,

तुझ्या मातीला आलेला जो तो मला भेटून तेच म्हणत होता. "सिस्टर, जोडी फुटली हो तुमची." मी मान हलवत होते. शिवडीच्या दफनभूमीत ऊन भाजत होतं, तुझ्या लेकीला, रूथला, मी एका हाताने धरलं होतं, पाळक प्रार्थना करत होते, आणि माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं की ही बया भांडण अर्धवट टाकून सटकली. गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये म्हणतात. पण जिवंतपणी मी तुझ्याशी कधी फार गोडीत बोलले होते, की आता सुरू करू?

आज रविवार. चर्चमधून येऊन साडीही न बदलता टेबलाशी बसले आहे. या वेळेला तुझा फोन यायचा. "उपदेश कसा वाटला गं?" असं विचारायचीस आणि मी तोंड उघडायच्या आत तुला कसा वाटला ते सांगायला लागायचीस. पाळकांनी कुठे गडबड केली, गायन मंडळीत कोण सुराबाहेर गेलं, कुणाच्या सुनेने येताना डोक्यावर पदर घेतला नाही, सगळं. मी फोन खांद्याला लावून भाताला फोडणी द्यायचे. आज फोन समोर पडला आहे. रविवारी मला फोन करणारं दुसरं कुणी नाही, हे तू गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, भाऊ परदेशी गेला तो गेलाच. या सगळ्याची मला सवय होती. फोनची मात्र तू सवय लावून ठेवलीस.

तेव्हा आता मीच बोलते. आपली गोष्ट मला पहिल्यापासून मांडायची आहे. ती आपल्याला दोघींनाही पूर्ण ठाऊक आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

रूथ लहान असताना तिला पहिली फिट आली, त्या दिवशी मी वरळीला तुझ्या बीडीडी चाळीतल्या खोलीत जेवायला आले होते. तू तिला उचलून गॅलरीत धावलीस आणि किंचाळायला लागलीस. मी तिला तुझ्या हातातून काढून घेतलं, जमिनीवर कुशीला वळवलं, गळ्याशी सैल केलं आणि तुझ्यावर ओरडले, "गप्प बस, मार्था, पोर घाबरेल." शाळेत पन्नास पोरांना एका नजरेने गप्प करणारी बाई तू, आणि त्या दिवशी दाराची चौकट सोडत नव्हतीस. शेजारी धावत आले, त्यांना मी पोरीचा ताप डोक्यात गेला म्हणून सांगून परत पाठवलं. पुढची कितीतरी वर्षं रूथची औषधं मी माझ्या डॉक्टरांकडून लिहून आणली. ती मोठी झाली, फिट यायच्या थांबल्या, औषधंही थांबली. तू मला शपथ घातलीस. "विमे, हे चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. मुलीची जात आहे." मी ती पाळली.

मग तिचं लग्न ठरलं. नगरकडचं चांगलं घर, मुलगा शिकलेला. चर्चमध्ये ओळीने तीन रविवार करतात त्या लग्नाच्या घोषणांतली पहिलीही झाली. आणि दुसरी व्हायच्या आत मुलाच्या आईने निरोप धाडला की मुलीला फिट येतात हे आमच्यापासून लपवलंत. घरच्यांशिवाय ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती. मला. तुझा हिशेब सरळ होता, त्याबद्दल मी तुला कधी दोष दिला नाही. पण तो हिशेब तू मला विचारून करायला हवा होतास.

त्यापुढे तू जे केलंस ते फक्त आपल्यासारखी माणसंच करू शकतात.

आपल्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. त्याच्या आदल्या शुक्रवारी तयारीची सभा. कुणाचं कुणाशी फाटलं असेल त्याने त्या सभेत मिटवायचं, चूक कबूल करायची, क्षमा मागायची, हात हातात घ्यायचा. मिटलं नसेल तर रविवारी भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही. बाकीचे वेदीपाशी जातात, आपण जागेवर बसून राहायचं. परळ-लालबागची आपली माणसं भांडायला जेवढी उत्सुक तेवढीच मिटवायला. नाताळच्या नाटकात एकीच्या मुलाला मागी राजा केलं आणि दुसरीच्या मुलाला मेंढरू, यावरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, आणि तयारीच्या सभेत दोन्ही आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मलाही ती सभा आवडायची. हॉस्पिटलात माणसं शेवटच्या घटकेला जे बोलतात ते आपले लोक चहाच्या आधी बोलून मोकळे होतात, असं मी म्हणायचे.

त्या शुक्रवारी साखळी प्रार्थना चालली होती. एक जण प्रार्थना करणार, सगळे 'आमेन' म्हणणार, मग शेजारचा सुरू करणार. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी सकाळची ड्यूटी करून आले होते, पंख्याखाली पेंगत होते. तुझी पाळी आली. तुझा तो शाळेतला खणखणीत आवाज.

"प्रभू, विमलबहिणीच्या बोलण्याने माझ्या रूथचं ठरलेलं लग्न मोडलं. तिने ते मुद्दाम केलं की नकळत, ते तू जाणतोस. मी तिला मनापासून क्षमा करते. तिच्याविषयी माझ्या मनात काही उरू देऊ नकोस."

"आमेन," सगळे म्हणाले. आणि मीही म्हणाले.

जन्मापासूनची सवय गं. प्रार्थना संपली की तोंड आपोआप उघडतं. म्हणून झालं आणि मग कानांनी ऐकलेलं डोक्यात पोचलं. मी डोळे उघडले तर अर्धी सभा माझ्याकडे बघत होती.

नंतर चहाच्या वेळी बायका येऊन माझा हात दाबत होत्या. "फार छान झालं सिस्टर, मन हलकं झालं." मी तुला गाठलं ते जिन्यात.

"मार्था, मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"अगं, झालं ना आता. मी क्षमा केली."

"पण मी केलंच नाही!"

"मग आमेन कशाला म्हणालीस?"

तू माझ्या खांद्यावर थोपटून खाली उतरलीस. तुझा चेहरा खरंच शांत होता, त्याचाच मला जास्त संताप आला. करायला गेलीस काय आणि केलंस काय! तू मला मोठ्या मनाने सोडून देत होतीस, आणि तेवढ्यात सगळ्या मंडळीसमोर मला चोर ठरवून बसलीस.

आठवडा गेला आणि रूथ माझ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी. रडून डोळे सुजलेले. त्या मुलाला सगळं तिनेच सांगितलं होतं, दादरच्या चौपाटीवर बसून, स्वतःहून. तो बिचारा चालेल म्हणाला, त्याच्या आईला नाही चाललं. "मावशी, मी खोटं बोलून लग्न करणार नव्हते. पण आईला सांगू नकोस. ती मला कधी माफ नाही करणार." बघ गंमत. तू मंडळीत न मागता क्षमा वाटत होतीस आणि तुझी मुलगी तुझ्याकडे मागायला घाबरत होती. मी तिला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि कबूल केलं की नाही सांगणार. मग काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पहिल्या रविवारी मी वेदीपाशी गेले नाही. मागच्या बाकावर, डाव्या बाजूला, खांबाच्या आडोशाला बसून राहिले. तू गेलीस, परत आलीस, माझ्या पुढून जाताना ओठ घट्ट मिटलेले. आपले जुने पाळकसाहेब माझ्या घरी आले. बिस्किट चहात बुडवून म्हणाले, "सिस्टर, क्षमा मागून टाका ना, मिटेल."

"कशाची मागू, साहेब?"

"मागा कशाचीही. माणूस म्हटलं की काहीतरी असतंच."

"न केलेलं पाप केलं म्हणून कबूल करायचं, म्हणजे खोटं बोलायचं. मग त्या खोट्याची क्षमा कुठल्या शुक्रवारी मागू?"

त्यांचं बिस्किट चहात पडलं. ते मला पुन्हा कधी बोलले नाहीत. बाकीच्यांनीही हळूहळू सोडून दिलं. मला मात्र दर महिन्याला तो बाक होता. सगळी मंडळी रांगेने पुढे जायची, गाणं चालू असायचं, आणि माझ्या पुढचे सगळे बाक रिकामे. आजारी माणसाला वॉर्डातून स्ट्रेचरवर नेतात तेव्हा त्याची कॉट जशी दिसते तसे.

तुझे यजमान आजारी पडले नसते तर आपण बोललोही नसतो. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तू मला फोन केलास. "विमे, ये." एवढंच. मी बीपीचं मशीन घेऊन टॅक्सीने वरळीला आले. त्यांना अंघोळ कशी घालायची, कुशी कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं, मी तुला शिकवलं, आणि तू वर्गातल्या पोरीसारखी शिकलीस. ते गेले तेव्हा खोलीत आपण दोघीच होतो. नंतर मला चिकुनगुन्या झाला तेव्हा तू माझ्या घरी येऊन राहिलीस, पेज करून घातलीस, माझी सुजलेली बोटं गरम पाण्यात धरून बसायचीस. हे तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. एवढं सगळं आपल्यात होतं, आणि एक गोष्ट सोडून आपण सगळ्यावर बोलत होतो. कधी विषय निघालाच तर तू म्हणायचीस, "मी तर केव्हाच क्षमा केली, तूच फाटे फोडतेस," आणि मी म्हणायचे, "चहा घे, थंड होतोय."

मग रूथचं पुण्यात लग्न झालं. चांगला नवरा मिळाला, त्याला फिटचं काय ते आधीच ठाऊक होतं. तिला मुलगा झाला, बाळंतपण तुझ्याकडे, बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्ये. त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. प्रभुभोजनाला सगळे उठले आणि तू उठली नाहीस. मागे आलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस.

"काय गं?" मी विचारलं.

"आज नको वाटतंय."

पुढच्या महिन्यातही आलीस. त्याच्याही पुढच्या. मी मनात म्हटलं, आली ताळ्यावर. मला एकटीला बसवून ठेवून हिला भाकर गोड लागेना. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं आणि सोबत मिळाल्यासारखंही. भांडणामुळे मागे बसलेल्या आपण दोघी त्या दहा-पंधरा मिनिटांत जेवढ्या सुखात होतो तेवढ्या इतर कुठे नव्हतो. रांगेत कोण कुणाला मुद्दाम टाळून मागे सरकलं, कोणाचा नवरा टक्कल झाकायला काय काय करतो, तू तोंडातल्या तोंडात सांगायचीस आणि मी खांबाकडे तोंड करून हसू दाबायचे. एकदा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजींनी परत येताना आपल्याला दटावलं होतं, "प्रभूच्या मेजाला तर येत नाही, निदान दात तरी काढू नका."

तू एकदा सांगायच्या बेतात होतीस. आता मला कळतंय. कफ परेडला मच्छीमार नगरात आपण सुके बोंबील घ्यायला गेलो होतो. काठ्यांवर बोंबील वाळत होते, वास डोक्यात जात होता, आणि तू मधेच थांबलीस. "विमे, मला तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, सांग. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्या कोळणीकडे वळलीस आणि म्हणालीस, "हे काय बोंबील आहेत? नुसते काटे." पुढे तिच्याशी हुज्जत घालत बसलीस. घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलीस. मला वाटलं, तुला शुगर कमी झाली असेल, म्हणून मी पर्समधली गोळी काढून दिली. ती तू मुकाट्याने चघळलीस.

गेल्या वर्षी तुमची चाळ रिकामी झाली आणि तुला नव्या टॉवरमध्ये घर मिळालं. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून सगळ्यांना सांगायचीस, आणि मला म्हणायचीस, "विमे, इथे दार लावलं की मेलं कुणाला कळणार नाही." चाळीच्या गॅलरीत कुणी शिंकलं तरी चार घरांतून 'काय झालं' यायचं. इथे लिफ्टमध्ये माणसं भिंतीकडे बघत उभी राहतात. मी म्हटलं, "मला रोज सकाळी फोन करत जा, म्हणजे मेलीस तर मला कळेल." तू हसलीस. आणि तसंच झालं. एका सकाळी फोन आला नाही.

मातीनंतर रूथ तुझ्या घरी थांबली होती, मी सोबतीला गेले. परवा आम्ही तुझं स्वयंपाकघर आवरत होतो. मसाल्यांचे डबे, डाळी, रिकाम्या बरण्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रूथ, आता तुझी आई गेली. ते लग्न तुझ्यामुळे मोडलं हे तिला कळलं नाही, ते एका परीने बरंच झालं."

ती बरणी पुसता पुसता थांबली. "मावशी, आईला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"बाळंतपणाला चाळीत आले होते ना, तेव्हाच मी सांगितलं. मुलगा मांडीवर होता, रडायला आलं आणि सगळं बोलून गेले."

"काय म्हणाली ती?"

"दुपट्यांच्या घड्या करत होती, त्या करत राहिली. मला म्हणाली, बरं केलंस खरं बोललीस. मग म्हणाली, विमलला तू काही बोलू नकोस, मी सांगेन, माझं काम आहे ते." रूथने बरणी खाली ठेवली. "मावशी, मला वाटलं आईने सांगितलं असेल. तुम्ही दोघी तर कायम एकत्र असायचात. नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "सांगितलं असेल, माझ्या लक्षात नसेल." मुलीला आणखी एक ओझं कशाला? आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तू गेलीस तेव्हा मी रडले नव्हते.

मार्था, मग ती सगळी वर्षं तू माझ्यासाठी बसत नव्हतीस. तुला ठाऊक होतं की माझ्या माथी तू खोटा आळ ठेवलास. आपल्या नियमाने तू स्वतःलाच मेजापासून लांब ठेवलंस, आणि येऊन बसलीस ते जिचं तू वाकडं केलंस तिच्याच शेजारी. मी तिथे विजयी मुद्रेने बसले होते. तू सांगितलं असतंस तर एका मिनिटात आपण दोघी उठलो असतो.

तुझी अडचण मला कळते, म्हणून तर जास्त राग येतो. केलेल्या अपराधाची क्षमा कशी मागायची हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. पण एखाद्याला क्षमा केली, याची क्षमा कशी मागायची? त्याला आपल्याकडे रीत नाही. तयारीच्या सभेत उठली असतीस तर रूथचं नाव निघालं असतं, आणि पोरीला तू पुन्हा लोकांच्या तोंडी देणार नव्हतीस. हे मला मान्य. पण माझ्या स्वयंपाकघरात कुठली मंडळी बसली होती? चिकुनगुन्याची सूज नंतरही दर पावसाळ्यात उलटायची आणि माझी बोटं तुझ्या हातात असायची. तेव्हा म्हणायचं होतंस. मी तुला काय केलं असतं? फार तर म्हणाले असते, "मूर्ख बाई," आणि चहा टाकला असता. मी रूथला तुझ्यापासून झाकत होते, तू तिला माझ्यासकट सगळ्यांपासून झाकत होतीस, आणि ती बापडी पुण्यात समजत होती की सगळं केव्हाच मिटलंय.

कधीकधी वाटतं, तू सांगितलं नाहीस कारण तुलाही तो बाक सोडवत नव्हता. मिटलं असतं तर आपणही रांगेत उभ्या राहिलो असतो, इतरांसारख्या, तोंड मिटून. हे मी माझ्या समाधानासाठी म्हणते की खरं आहे, ते तुलाच ठाऊक.

काल संध्याकाळी नव्या पाळकांचा फोन आला. चांगला मुलगा आहे, नम्र आहे. म्हणाला, "सिस्टर, जुन्या लोकांकडून तुमचं काय ते कानावर आलं होतं. आता बाई प्रभूकडे गेल्या. तेव्हा काही अडसर राहिला नाही. उद्या प्रभुभोजनाला या." मी बरं म्हणून फोन आपटला. अडसर! तू अडसर होतीस, म्हणे. देवाने तो काढला आणि वाट मोकळी झाली. माणूस मेलं की भांडण मिटतं, असं या पोराला कुठल्या कॉलेजात शिकवलं? मी ठरवलं, उद्या बसून राहायचं. आणि नुसतं उद्या नाही, असेन तोवर. मी उठले तर आपल्यात काही होतं याला पुरावा काय?

म्हणून आज गेले आणि माझ्या जागी बसले. सगळे उठले. गाणं सुरू झालं. मी ताठ बसले होते, कुणी बघितलं तर बघू दे म्हणून. कुणी बघितलं नाही. तू होतीस तेव्हा येता-जाता लोक बघायचे, दोन ठणठणीत बायका मेजाला का येत नाहीत म्हणून कुजबुजायचे. आज माझ्या बाकापाशी एक नवी सून थांबली, याच वर्षी लग्न होऊन आलेली. वाकून हळूच म्हणाली, "मावशी, गुडघे दुखतात का? पाळकांना सांगून इथे आणून देऊ?"

तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेले जुने एकेक करून गेले, काही मुलांकडे विरार-पनवेलला राहायला गेले. आता त्या चर्चमध्ये आपलं भांडण माझ्या एकटीच्या डोक्यात उरलंय. मी तिथे तुझ्यासाठी हट्टाने बसले होते आणि बघणाऱ्याला दिसत होती चालता न येणारी एक म्हातारी. भांडायलासुद्धा दुसरं माणूस लागतं गं. एकटीने केलं तर ते कुणाला दिसतही नाही.

"नाही बाळा," मी म्हटलं, "गुडघे चांगले आहेत माझे."

आणि उठले. रांगेत शेवटची उभी राहिले. कितीतरी वर्षांनी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकले. पाळकांनी मला पाहिलं, त्यांना बरं वाटलं, त्यांनी माझ्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. मी तो लगेच तोंडात घातला नाही. आधी मिटवायचं, मग खायचं, नियम तो नियम.

चूक माझी नव्हती, मार्था. हे मी शेवटपर्यंत म्हणणार. तरी तू त्या शुक्रवारी दिलेली क्षमा मी आज घेतली. खोटी ठरेल म्हणून इतकी वर्षं घेतली नव्हती. पण तू दिलीस ती मनापासून दिली होतीस, जिन्यात तुझा चेहरा मी पाहिला होता, आणि तुझ्याकडचं काही आता नाकारावं अशी माझी ऐपत उरलेली नाही. ती घेतली आणि माझी तुला दिली. ओठांतल्या ओठांत, कुणालाही ऐकू जाणार नाही अशी, कारण क्षमा मोठ्याने करू नये हे मी तुझ्याकडूनच शिकले. "मार्था, क्षमा केली गं."

आणि थांबले. शेजारचे उठून गेले, गाणं संपलं, पाळक प्याला घेऊन माझ्यासाठी खोळंबले, तरी मी हातात भाकर धरून तशीच थांबले होते. तुझी क्षमा घ्यायला मी इतकी वर्षं लावली. माझी तू घेतलीस की नाही, हे मला आता कोण सांगणार?